पाडव्याची वही

रविवारी सकाळी आठपासून आमच्या ओट्यापुढे चपला जमायला लागतात. सुरतेजवळच्या पलसाणा चोकडीवरून गावात वळलं की आतल्या गल्लीत माझं घर आहे. दोन खुर्च्या, एक टेबल आणि लेकाचा जुना लॅपटॉप मांडून मी बसतो. येणारे बहुतेक खानदेशातले असतात. कोणी पारोळ्याकडचा, कोणी शिंदखेड्याचा, कोणी साक्री-नवापूरचा. कामाला कडोदऱ्याच्या, जोळव्याच्या नाहीतर तांतीथैयाच्या डाइंग मिलमध्ये. अठ्ठावीस वर्षं मीही अशाच एका मिलच्या ऑफिसात हजेरी आणि पगारपत्रक लिहिलं. २०२१ साली अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि घरी बसलो. पण प्रॉव्हिडंट फंडाचे अर्ज भरायला लोक घरी येत राहिले. मी त्याचे पैसे घेत नाही.

परवा एक चौतीस वर्षांचा मुलगा आला. जेट मशीनवर काम करतो. जुनी मिल सोडून नवी धरणार होता. खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "नाना, फंड सगळा काढून द्या."

पासबुक उघडलं. ८८ हजार रुपये होते. कशाला हवेत, हे मी कधी विचारत नाही, तो आपणहून सांगू लागला. खोलीचं डिपॉझिट वाढलंय, पोराची शाळेची फी भरायचीय आणि बायकोची पोत सराफाकडे पडून आहे. तिन्ही गरजा खऱ्या होत्या. याआधीही दोन वेळा, मिल बदलताना, त्याने असाच सगळा फंड काढला होता. वीस वर्षांचा असताना तो कामाला लागला. म्हणजे चौदा वर्षं घाम गाळला, पण खात्यावर नोकरी फक्त आठ वर्षं चार महिन्यांची दिसत होती. आधीची जवळपास सहा वर्षं त्याने दोन अर्जांत पुसून टाकली होती.

मी कागदावर गणित मांडून दाखवलं. सध्याचा व्याजदर सव्वाआठ टक्के आहे. हेच ८८ हजार हात न लावता अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राहिले आणि दर असाच राहिला, तर त्यांचे सुमारे ५ लाख ९० हजार होतात. पुढच्या पगारातून जमेल ते वेगळंच. आणि पेन्शनची गोष्ट त्याहून मोठी. त्याला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. फंडासोबत पेन्शनचे पैसेही काढले की मागची वर्षं गेली, मोजणी पुन्हा एकपासून सुरू.

तो कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "घरी विचारून येतो."

तो गेल्यावर मी कपाटातून माझी वही काढली. दर दिवाळी पाडव्याला मी तिच्यात एक पान लिहितो. डावीकडे आपल्याकडे काय आहे, उजवीकडे कोणाचं किती देणं आहे, खाली वजाबाकी. आमच्या शेठच्या पेढीवर चोपडापूजन व्हायचं, ते पाहून मला सवय लागली. पहिलं पान नोव्हेंबर १९८५चं आहे. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. अमळनेरला बी.कॉम. करून पत्र्याची पेटी घेऊन उधन्याला उतरलो होतो आणि एका लूमच्या खात्यावर साडेचारशे रुपयांवर कारकून होतो. पानावर लिहिलंय: रोख ३१०. मामांचे देणे ५००. बाकी वजा १९०.

त्याच १९८५ साली अर्थशास्त्राचं नोबेल फ्रँको मोदिलियानी यांना मिळालं. हे मला फार उशिरा, लेकाच्या पुस्तकातून कळलं. रिचर्ड ब्रमबर्ग या आपल्या विद्यार्थ्याबरोबर १९५०च्या दशकात त्यांनी एक साधी गोष्ट मांडली होती. माणूस या महिन्याच्या पगाराकडे बघून खर्च करत नाही, सगळ्या आयुष्याचा अंदाज घेऊन करतो. तरुणपणी कमाई थोडी, तेव्हा कर्ज काढतो. मधल्या वयात कमाई जास्त, तेव्हा साठवतो. म्हातारपणी कमाई थांबते, तेव्हा साठवलेलं खातो. म्हणजे संपत्तीची रेघ डोंगरासारखी असते. हळूहळू चढते, निवृत्तीच्या सुमारास माथ्यावर पोचते, मग उतरते.

हे वाचलं त्या रात्री वहीतली सगळी वजाबाकी मी एका चौकटीच्या कागदावर बिंदू काढून जोडली. डोंगर काही निघाला नाही. चढण होती, पण तिच्यात चार ठिकाणी खोल दऱ्या होत्या. माझ्या आयुष्याशी जास्त जुळलं ते इंग्लंडच्या सीबोम राउन्ट्री यांचं काम. यॉर्क शहरातल्या मजुरांच्या घरोघरी पाहणी करून त्यांनी १९०१ साली पुस्तक लिहिलं. मजुराच्या आयुष्यात ओढगस्त आणि सुबत्ता आलटून पालटून येतात, असं त्यांना दिसलं. लहानपणी तंगी. स्वतः कमवायला लागला की थोडी मोकळीक. लग्न होऊन मुलं झाली की पुन्हा तंगी. मुलं कमावती झाली की पुन्हा जरा बरे दिवस. आणि हातपाय थकले की शेवटची तंगी. आपण गरीब आहोत की बरे आहोत, हे त्या दिवशी आपलं वय किती आणि घरात खाणारी तोंडं किती, यावर अर्धं ठरतं. मिलच्या पगारपत्रकावर एकाच पगाराची दोन नावं असायची. एक बावीस वर्षांचा, एक अडतीस वर्षांचा. बावीसवाला गावी मनीऑर्डर करूनही नवा मोबाइल घ्यायचा. अडतीसवाला वीस तारखेला उचल मागायला यायचा. लोक पहिल्याला शहाणा म्हणायचे आणि दुसऱ्याला उधळ्या. मला ते कधीच पटलं नाही.

माझ्या चार दऱ्या कोणत्या, ते सांगतो.

पहिली १९९४ची. १९९०च्या पानावर बाकी ११,९०० रुपये आहे. तो आकडा पाहून मी तेव्हा खूश होतो. आज नीट वाचलं तर त्यात बँकेतले फक्त २,१०० माझे होते आणि बापूंच्या, म्हणजे वडिलांच्या, विहिरीसाठी काढलेलं ३,०००चं कर्जही माझंच होतं. उरलेलं सगळं बायकोच्या अंगावरचं सोनं होतं. चार तोळे, तेव्हाच्या ३,२००च्या भावाने. १९९३ला मी डाइंग मिलमध्ये लागलो, पहिल्यांदा फंडाचा नंबर मिळाला आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९४मध्ये, सुरतेत प्लेग आला. बातमी पसरली त्या रात्रीपासून लाखो माणसं शहर सोडून निघाली. आम्ही दोन वर्षांच्या लेकीला घेऊन ताप्ती लाइनच्या गाडीत दाराशी उभे राहून अमळनेरला पोचलो. दीड महिना काम नाही, पगार नाही. परत आलो ते दोन तोळे गहाण ठेवूनच. ते सोडवायला दोन वर्षं गेली.

दुसरी दरी मी स्वतः खणली, आणि तिचा मला पश्चात्ताप नाही. १९९८ला पलसाण्यात ६२ हजारांचा हा प्लॉट घेतला. सोळा हजार शिलकीतले, चौदा हजार फंडातली उचल, वीस हजार मेहुण्यांचे आणि बारा हजार तीन तोळे मोडून. रेघेचा तळ तिथे दिसतो. पण ज्या जमिनीवर आज मी बसलोय, तीही त्याच बिंदूतून निघाली. भिंती २००१मध्ये उभ्या राहिल्या, स्लॅब २००४मध्ये, पतपेढीच्या कर्जातून. ज्याला पगार महिन्याला मिळतो, तो घर हप्त्याहप्त्यानेच बांधतो. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या गच्चीवर सळया उभ्या आहेत, पुढच्या मजल्यासाठी राखून ठेवलेल्या.

तिसरी लेकीच्या लग्नाची, २०१२. चौथी २०२०ची, लॉकडाऊनची. आमच्या तालुक्यातल्या वरेलीत त्या मे महिन्यात घरी जाऊ द्या म्हणून कामगार रस्त्यावर उतरले होते, हे अनेकांना आठवत असेल. सरकारने मार्चअखेरच फंडातून तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकीचा पाऊण हिस्सा, यातलं जे कमी असेल ते काढायला परवानगी दिली होती. मी घरात बसून फोनवर सत्तरच्या वर अर्ज भरले. त्या पैशांवर चुली पेटल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि पुढची पाच वर्षं तीच खाती पुन्हा तळापासून चढताना पाहतोय, हेही खरं. २००६च्या पुराने, २०१६च्या नोटाबंदीनेही मिल काही आठवडे बंद पाडली. पण पगार पुन्हा सुरू झाला की वहीत त्यांची खूण उरली नाही.

दऱ्यांपेक्षा मला जास्त टोचतं, ते चढणीवरचं एक पान. २००३. त्या वर्षी माझी बाकी एकदम उडी घेते. बापू वारले. सहा एकर कोरडवाहूची खातेफोड झाली, आम्हा तीन भावांना दोन-दोन एकर. आमची आक्का, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तहसील कचेरीत आली आणि हक्कसोडपत्रावर सही करून गेली. आम्ही तिला साडी-चोळी केली, तिच्या लेकराच्या हातावर पैसे ठेवले. गावात सगळ्यांच्या घरी हेच चालायचं. वहीत मी लिहिलं: जमीन दोन एकर, वडिलोपार्जित. त्यातलं अर्धा एकर आक्काचं होतं, ते उजवीकडे, देण्यात लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. दोन वर्षांनी, ९ सप्टेंबर २००५पासून, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा कायदा देशभर लागू झाला. पण कायदा आला तरी सही मागणारे भाऊच असतात. ओट्यावर येणाऱ्यांना मी फंडाचं बोलतो तसं आता हेही बोलतो. बहिणीकडून सही घेताना निदान तिला तो कागद वाचून दाखवा.

माणसाची संपत्ती त्याच्या कष्टाने वाढते, असं आपण म्हणतो. वहीची पानं चाळताना मला दिसतं, की माझी रेघ वर गेली तेव्हा दर वेळी दुसऱ्या कोणाची तरी खाली आली होती. प्लॉटच्या वेळी बायकोचं सोनं. जमिनीच्या वेळी आक्काचा हिस्सा. माझ्या बी.कॉम.च्या वेळी घरची म्हैस विकली गेली होती, तेव्हा वहीच नव्हती.

आमच्या अमळनेरची एक गोष्ट देशभर सांगतात. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे त्याचीच विप्रो झाली. सुरुवातीला गावातल्या काही लोकांनी शंभर-शंभर रुपयांचे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले. त्या घरांचं काय झालं, ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी मला वाटायचं, आमच्या आजोबांनी का नाही घेतले? आज कळतं, त्यांच्याकडे शंभर रुपये असते तर त्यांनी बैल घेतला असता, आणि ते बरोबरच झालं असतं. शेअर घेण्याची अक्कल तर लागतेच, पण तो चाळीस वर्षं विकावा लागू नये अशी घरची स्थिती लागते. चक्रवाढ व्याज वेळ मिळाला तरच वाढतं, आणि गरिबाला कोणी वेळच देत नाही.

याचा हिशेब मी एकदा फुरसतीने मांडला होता. एप्रिल १९९५मध्ये कोणाच्या फंडात दहा हजार असतील आणि त्याने ते हलवले नसतील, फक्त मिल बदलली की नव्या खात्यात नेले असतील, तर दर वर्षीच्या जाहीर व्याजाने (तेव्हा बारा टक्के होतं, पुढे साडेनऊ, साडेआठ असं उतरत गेलं) मार्च २०२३पर्यंत त्यांचे सुमारे १ लाख २३ हजार झाले. बारापट. सोन्याचा तोळा १९९५ला ४,७००च्या आसपास होता, २०२३च्या मार्चमध्ये साठ हजारांच्या आसपास. तेही जवळपास तेवढ्याच पटीने. म्हणजे फंड चांगला की सोनं चांगलं, हा वाद त्या काळापुरता तरी फिजूल आहे. माझ्या बायकोचे तीन तोळे १९९८ला बारा हजारांत गेले, माझी चौदा हजारांची उचलही त्याच दिवशी गेली. ज्याचं राहिलं त्याचं वाढलं. आमचं प्लॉटमध्ये जाऊन राहिलं, म्हणून आम्ही वाचलो. डिपॉझिटमध्ये, फीमध्ये, दवाखान्यात गेलेलं परत येत नाही.

ज्यांच्या रेघेला डोंगरही नाही आणि दरीही नाही, असे लोक माझ्या ओट्यावर येत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिलंच पाहिजे. दिवाळी झाली की पलसाण्याच्या शेतांतून ऊसतोड सुरू होते. चलथाणची साखर मंडळी, म्हणजे सहकारी कारखाना, आमच्याच तालुक्यात, बारडोलीची पलीकडे. तोडायला येतात ते नवापूर, साक्री, अक्कलकुवा, डांग इकडचे भिल, मावची, कोकणी आदिवासी. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात, दोन माणसांचं मिळून एक हत्यार. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन जातो. सहा महिने शेताच्या बांधावर प्लॅस्टिकच्या पालात राहून ती फेडायची. हंगाम संपताना हिशेब होतो आणि पुष्कळदा थोडी बाकी पुढच्या वर्षावर जाते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतल्या या मजुरांचं जगणं अभ्यासलं आणि त्यावर ग्रंथ लिहिले. २०२३ साली गुजरातेत तोडणीची किमान मजुरी टनाला २३८ रुपयांवरून ४७६ झाली. तेवढा दिलासा मिळाला. पण या जोडप्याचं विशीतलं पान आणि चाळिशीतलं पान सारखंच असतं. डावीकडे एक कोयता, दोन भांडी, एक बैल नाहीतर शेळी. उजवीकडे उचल. पंचेचाळिशीत कंबर गेली की डावी बाजू रिकामी होते आणि कोयता पोराच्या हातात जातो.

देशाच्या आकड्यांतही हे दिसतं. २०१९च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यातल्या कुटुंबाची सरासरी मालमत्ता १५ लाख ९२ हजार निघाली, शहरातल्या कुटुंबाची २७ लाख १७ हजार. सरासरी वाचून कोणी हुरळून जाऊ नये. शहरातल्या सगळ्यात तळाच्या दहा टक्के कुटुंबांची मालमत्ता सरासरीने दोन हजार रुपये होती. दोन हजार! एका खोलीत सहा जण राहणाऱ्या आपल्या लूमवाल्यांपुढे मी हा आकडा वाचला, तेव्हा एक जण म्हणाला, "पैसा कथा गया भो?" त्याचं उत्तर त्यालाच माहीत होतं. त्याचे पैसे गावच्या घराच्या पत्र्यांत, बहिणीच्या लग्नात आणि बापाच्या मोतीबिंदूत होते. शहराच्या पाहणीत ते कुठे दिसणार?

रिझर्व्ह बँकेच्या एका समितीने २०१७ साली अहवाल दिला, तोही माझ्या वहीशी पडताळून पाहण्यासारखा आहे. सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीतला ८४ टक्के भाग घर, जमीन आणि इतर वस्तूंत असतो, ११ टक्के सोन्यात आणि जेमतेम ५ टक्के बँक, विमा, पेन्शन, शेअर अशा रूपात. आणि आपल्याकडची माणसं निवृत्तीच्या वयातही डोक्यावर कर्ज घेऊन पोचतात.

माझं २०२४च्या पाडव्याचं पान बघा. घर, तेव्हाच्या भावाने, पस्तीस लाख. गावची जमीन सोळा लाख. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून बँकेत ठेवलेले नऊ लाख. सोनं अडीच तोळे, १ लाख ९५ हजार. जवळजवळ बासष्ट लाख. वजा १९०पासून इथवर. पण त्यातले शंभरातले ब्याऐंशी घर आणि शेतात आहेत. गेल्या वर्षी माझ्या हृदयाच्या झडपेची शंका आली आणि दवाखान्याने दीड लाखाचा आकडा सांगितला, तेव्हा भिंतीतली वीट काढून देता येत नव्हती. बँकेतल्या नऊ लाखांतूनच ते गेले. दर महिन्याला हातात येतात ते पेन्शनचे ३,८७० रुपये आणि थोडं व्याज. पेन्शन एवढंच का, तर त्याचं सूत्र असं आहे: धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. आणि धरायच्या पगाराला कमाल मर्यादा असते. २०१४पर्यंत ती ६,५०० होती, नंतर पंधरा हजार. ग्रॅच्युइटीचं सूत्र जास्त उदार: दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मला अठरा हजारांच्या शेवटच्या पगारावर अठ्ठावीस वर्षांचे दोन लाख नव्वद हजार मिळाले. पण पाच वर्षं सलग एका ठिकाणी नोंद असली तरच. ठेकेदाराकडे रोखीने काम करणाऱ्याचं नाव ना या रजिस्टरात, ना त्या. अशांना मी अटल पेन्शन योजनेचा अर्ज भरायला लावतो. अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिना ४२ रुपयांत साठीनंतर हजार रुपये, २१० रुपयांत पाच हजार. चाळिशीला आलेल्याला त्याच पाच हजारांसाठी महिना १,४५४ भरावे लागतात. वयाची किंमत काय असते, ते या दोन आकड्यांइतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मोदिलियानींचा म्हातारा साठवलेलं खातो. आपल्याकडे ते होत नाही. मी घर विकून खाणार नाही, जमीनही नाही. ती लेकरांना जाईल. आमच्या पिढीला साठवलेलं खर्चायची लाज वाटते. बायकोला गुडघ्यांचं दाखवायला नेतो म्हटलं तर ती म्हणते, कशाला मोडता ते पैसे. मला वाटतं हे चुकतंय. ज्या माणसांनी डोंगर चढला, त्यांना उतारावर सावकाश बसून खायचा अधिकार आहे.

तो जेटवाला मुलगा पुढच्या रविवारी परत आला. या वेळी बायकोला घेऊन. ती साडीच्या धागा कटिंगचं काम करते, घरी बसून, नगावर पैसे. तिने सगळं समजून घेतलं. पोत मीच सोडवीन, माझ्या भिशीचा नंबर भादव्यात आहे, असं तिने नवऱ्याला सांगितलं. फंड मोडायचा नाही, नव्या मिलच्या खात्यात न्यायचा, असं ठरलं. मी अर्ज भरत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "नाना, यात माझं नाव कुठे आहे?"

मी वारसाची नोंद उघडली. लग्नाआधी भरलेली होती. तिथे फक्त त्याच्या आईचं नाव होतं. त्याच्या मोबाइलवर ओटीपी आला, तिचं आणि लेकराचं नाव घातलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. तिने पडद्यावरचं नाव दोन वेळा वाचलं.

आमची मंडळी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. तिनेही १९९५पासून पंधरा वर्षं धागा कटिंग केलं, दिवसाला चाळीस-पन्नास साड्या, रात्री दिव्याखाली. त्या पैशांतून भाजी आली, वह्या-पुस्तकं आली, लेकीच्या क्लासची फी गेली. माझ्या वहीत त्याची एक ओळ नाही. वहीत घर माझं आहे, जमीन माझी आहे, ठेव माझी आहे.

रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, "वही आणा. माझं पान काढा."

"पाडव्याला काढू," मी म्हटलं.

"आत्ता."

मी नवं पान उघडलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे काय लिहायचं, ते ती सांगू लागली. सोनं अडीच तोळे. भिशी बारा हजार. मग जरा थांबली आणि म्हणाली, "१९९८चे तीन तोळे. ते तुमच्या पानावर उजवीकडे लिहा." मी मागची पानं उलटत १९९८वर गेलो. लिहून झाल्यावर २००३चं पान उघडलं आणि तिथे उजवीकडे लिहिलं: आक्का, अर्धा एकर.

सकाळी आक्काला फोन केला. कापूस कसा आहे, हेच ती आधी विचारत होती.